फौजेत कावून गेलो

आमच्या भागात फौजेत जाणं ही काही रीत नव्हती. सातारा-कोल्हापूरकडं घरटी एक माणूस पलटणीत असतो म्हणतात. आमच्या धर्मापुरीच्या शिवारातली पोरं ऊस तोडायला जात, मेंढरामागं जात, आणि जरा शिकली तर कारखान्यात चिकटत. मीही चिकटलो होतो. इंजिनियर म्हणून, आणि तेही ‘संशोधन व विकास’ विभागात. ती नोकरी लाथाडून मी फौजेत गेलो. बंदुकीच्या हौसेनं नाही, संशोधन करायचं होतं म्हणून गेलो. हे ऐकलं की अजूनही गावाकडचा माणूस मान वाकडी करून विचारतो, “कावून पण?” म्हणजे, का म्हणून? त्याला दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही. म्हणून जे झालं ते सरळ सांगतो.

आमचं घर मेंढपाळाचं. दादा, म्हणजे माझे वडील, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला उतरत. माय मागं राहून कोरडवाहू तुकडा बघायची. मला शाळेला घातलं ते सिरसाळ्याच्या वसतिगृहात ठेवून. ते वसतिगृह साहेबांचं. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. साखर कारखाना त्यांनी उभा केला, दूध संघ त्यांचा, शाळा त्यांची. त्यांना वाईट ठरवायला मी हे लिहीत नाही. माळरानावर एकेक सभासद जमवत, बैलगाडीतून फिरत त्यांनी तो कारखाना उभा केला, हे आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि वसतिगृहात मला जेवू घातलं हेही खरंच. पण जेवू घातलेल्या पोरांकडं बघायची साहेबांची एक नजर होती. आपल्या गोठ्यातल्या खोंडाकडं मालक बघतो तशी.

मी औरंगाबादहून यंत्राचा इंजिनियर होऊन आलो, तेव्हा सलग दुसरं वर्ष कोरडं चाललं होतं. विहिरी तळाला गेलेल्या. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “आपला पोरगा शिकला, आता आपल्या कारखान्यात आला पाहिजे. तुला संशोधनाची आवड हाय म्हणे. तो विभाग तुझा.”

मला किती आनंद झाला होता ते आठवलं की आजही हसू येतं. कॉलेजात शेवटच्या वर्षी फौजेचे एक अधिकारी आले होते. त्यांनी सांगितलं होतं, आमच्या तांत्रिक शाखेत यंत्रं दुरुस्त करणारे असतात आणि नवी घडवणारेही असतात, पुढचं शिक्षण फौज देते, इच्छा असेल तर मुलाखतीला या. वर्गातली काही मुलं गेली. मी गेलो नाही. मला वाटलं, संशोधन घरी बसून करायला मिळणार असेल तर कशाला दूर जायचं?

संशोधन व विकास विभाग म्हणजे प्रयोगशाळेच्या मागची एक खोली होती. दारावर ऑइल पेंटनं रंगवलेली सुंदर पाटी. दाराला कुलूप. किल्ली कुणाकडं आहे हे शोधण्यात पहिले काही दिवस गेले. कुलूप उघडलं तर आत निवडणुकीचे जुने फलक, मोडक्या खुर्च्या आणि कबुतरांची घाण. चीफ केमिस्ट दारात उभे राहून म्हणाले, “अनुदानासाठी असा विभाग दाखवावा लागतो. तू बस निवांत. पेपर वाच.”

मी पेपर वाचायला आलो नव्हतो. खोली झाडली, खुर्च्या बाहेर काढल्या, आणि कारखान्यात फिरायला लागलो.

त्या वर्षी ऊस थोडा होता तरी मोळी टाकण्याचा कार्यक्रम थाटात झाला आणि गाळप सुरू झालं. कारखान्याला पाणी लागायचं ते जवळच्या तलावातून. त्याच तलावावर आसपासची गावं पिण्यासाठी अवलंबून होती. तलावाचा गाळ उघडा पडत चालला होता आणि कारखान्याचे पंप चालूच होते. बायका घागरी घेऊन काठावर उभ्या राहायच्या आणि पंपघराकडं बघून तोंडात येईल ते बोलायच्या. त्यात माझ्या मायच्या ओळखीच्या बायका होत्या. मी कारखान्याचा बिल्ला खिशात लपवून तिथून जायचो.

उसात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. रस आटवला की ते पाणी वाफ होऊन निघतं आणि ती वाफ थंड झाली की परत पाणी होतं. आमच्या कारखान्यात हे गरम, जवळजवळ स्वच्छ पाणी नाल्यात सोडून देत आणि त्याच वेळी तलावातून नवं उपसत. मी म्हटलं, हे नाल्यातलं पाणी फिरवून परत बॉयलरला आणि चरकाला का देत नाही?

चीफ इंजिनियर तडकले. “त्यात साखरेचा अंश गेला तर बॉयलर फेसाळतो. उद्या काही झालं तर तू जबाबदार?”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. म्हणून मी आधी साखर ओळखायची सोय केली. पाण्याचा नमुना नळीत घेऊन त्यात रसायन टाकलं की साखर असेल तर जांभळं कडं दिसतं. कडं दिसलं की ते पाणी नाल्यात, नाही दिसलं की टाकीत, अशी झडप बसवली. भंगारातून पाइप काढले. एक नादुरुस्त पंप पडला होता, त्याचं बेअरिंग परळीहून आणून तो चालू केला. वेल्डर, फिटर हौसेनं मदतीला आले. नवीन काही चाललंय म्हटल्यावर कारखान्यातल्या माणसांची कळी खुलायची, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आणि ते चाललं. सगळ्या कारखान्याचं नाही, एका भागाचंच पाणी फिरत होतं. तरी तलावावरचा एक पंप आम्ही बंद ठेवू शकलो. पंपघरातला माणूस मला म्हणाला, “साहेब, आज एक मोटर गप हाय, लई बरं वाटतंय.” मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब म्हटलं ते असं.

मग मुंबईहून पाहणी पथक आलं. आदल्या दिवशी माझ्या पाइपांना निळा रंग मारला. पथक आलं, साहेबांनी स्वतः फिरवून दाखवलं. “हा आमच्या मेंढपाळाचा पोरगा. आमच्या वसतिगृहात वाढला. आता दुष्काळावर संशोधन करतोय.” फोटो निघाले. मला साहेबांच्या शेजारी उभं केलं. साहेबांचा हात माझ्या खांद्यावर.

चार-पाच दिवसांनी मी सकाळी कामावर आलो तर पंप जाग्यावर नाही. झडप उघडी, पाइप सुटे, पाणी पुन्हा नाल्यात. फिटरला विचारलं तर तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, “गेस्ट हाउसला नेला. तिथल्या हिरवळीला पाणी कमी पडत होतं.”

मी गेस्ट हाउसवर गेलो. भर दुष्काळात ती हिरवळ हिरवीगार होती आणि कोपऱ्यात माझा पंप धकधक चालला होता. व्हरांड्यात साहेब दोन-तीन संचालकांबरोबर चहा घेत बसले होते.

“साहेब, हा पंप तिथला हाय,” मी म्हणालो.

“कोणता पंप?”

“संशोधनाचा.”

संचालक हसले. साहेबही हसले. “अरे, दुसरा देऊ तुला पुढच्या हंगामात. बस, चहा घे.”

“पुढच्या हंगामापर्यंत तलाव राहत न्हाई.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “पंप पंप काय लावलंय बे? संशोधन केलंस, फोटो निघाला, पेपरात आलं. अजून काय पायजे तुला?”

“पाणी पायजे.”

मग साहेब शांतपणे म्हणाले, “वसतिगृहात कुणी ठेवलं तुला?”

“तुमी ठेवलं. म्हणून इथं आलो. नसता दुसरीकडं गेलो असतो. आता जातो.”

“कुठं जाशील?”

खरं तर मला माहीत नव्हतं. पण तोंडातून निघालं, “फौजेत.”

ते तिघं-चौघं असे हसले की त्यांच्या हसण्यानंच माझं नक्की झालं. एक संचालक म्हणाला, “इंजिनियर होऊन बंदूक धरणार व्हय?” मी म्हणालो, “तिथंही यंत्रं असतात. आणि तिथं बिघडलेलं यंत्र फोटो काढून चालू होत नाही.” हे मी इतकं नीट बोललो असेन का, आता शंका येते. पण अर्थ हाच होता. मी परत खोलीत गेलो, किल्ली चीफ केमिस्टांच्या टेबलावर ठेवली आणि पायी घरी निघालो.

घरी सांगितलं तेव्हा माय चुलीपुढं होती. दादा नुकतेच कारखान्याच्या शिवारातून मेंढरं घेऊन आले होते. त्या वर्षी दूर जाण्यात अर्थ नव्हता, गोदावरीकाठही वाळला होता. तोडणी झालेल्या फडात पडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं आणि पाला यावर आमची मेंढरं जगत होती. साहेबांना नाही म्हणण्याचा अर्थ दादांना माझ्याआधी कळला.

“फड बंद होणार आपल्याला,” ते म्हणाले.

मला ते सुचलंच नव्हतं. मी म्हणालो, “मग मी परत जाऊ का?”

दादांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “पंप हिरवळीला लावला म्हणतोस?”

“हो.”

“आन् तळ्यावर बाया घागरी घेऊन उभ्या?”

“हो.”

“मग जाऊ नको परत. चारा काय त्यांच्या बापानं पेरलाय?”

दुसऱ्या दिवशी फडाच्या तोंडाशी कारखान्याचा माणूस काठी घेऊन उभा होता. दादांनी लांबूनच त्याला पाहिलं. मेंढरं वळवली आणि बालाघाटच्या डोंगराकडं निघाले. त्या उन्हाळ्यात बरीच मेंढरं गेली. दादा परत आले तेव्हा कळप बघवत नव्हता. पण त्यांनी मला त्याबद्दल कधी टोमणा मारला नाही, आणि मीही त्यांच्यापुढं कधी रडलो नाही. आमच्या घरात हे असंच होतं.

मी परळीत पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या एका दुकानात काम धरलं आणि फौजेच्या तांत्रिक शाखेसाठी अर्ज केला. भोपाळला निवड मंडळापुढं गेलो. तिथली मुलं फाडफाड इंग्रजी बोलणारी, बूट चमकवलेली. गटचर्चेत मी तोंड उघडायच्या आत विषय संपायचा. अडथळे मात्र मी सगळ्यांत आधी पार केले. मेंढरामागं डोंगर चढलेल्याला दोरीवर चढणं काय जड! तरी निवड झाली नाही. छातीवरचा नंबर काढून घेतला आणि रेल्वेचं तिकीट हातात दिलं.

गावात बातमी माझ्याआधी पोचली. पारावरचे लोक विचारायचे, “काय मेजर, कधी जाणार सीमेवर?” साहेबांनी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याकरवी निरोप धाडला, झालं गेलं सोडून ये, खोली तशीच आहे. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. त्या संध्याकाळी मायनं भाकरी थापता थापता विचारलं, “जाणार हाईस का तिथं?”

“बघू.”

“बघू न्हाई. गेलास तर माझ्या हातची भाकर मिळणार न्हाई. फौजेत घेत नसतील तर मोटारी भर. पण त्या खोलीत बसायचं न्हाई.”

मायला संशोधन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण त्या खोलीत बसून माझं काय होईल, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

वर्षभर मी दुकानातल्या रेडिओवर इंग्रजी बातम्या ऐकायचो आणि वाक्यं मोठ्यानं म्हणायचो. गिऱ्हाईकं येडा समजायची. दुसऱ्यांदा भोपाळला गेलो तेव्हा मुलाखतीला एक कर्नल बसले होते. कागद चाळत त्यांनी विचारलं, “तुम्हाला संशोधन करायचंय. मग फौजेत का येता? प्रयोगशाळेत जा, विद्यापीठात जा.”

मी तयार करून आणलेलं उत्तर विसरलो. मोडक्या इंग्रजीत, मध्येच हिंदीत, सांगितलं, “सर, मी जिथं काम करत होतो तिथं यंत्र चाललं नाही तरी कुणाचं अडत नव्हतं. फोटो निघाला की काम संपायचं. मला अशा ठिकाणी काम करायचंय जिथं मी केलेली वस्तू वापरणारा माणूस माझ्या शेजारी राहतो. वस्तू बिघडली तर तो मला पकडून विचारू शकतो.”

“आणि तो चिडला तर?”

“चिडलाच पाहिजे, सर.”

कर्नलनी कागदावर काहीतरी लिहिलं. या वेळी छातीवरचा नंबर काढून घेतला नाही, निवड झाली.

प्रशिक्षणासाठी डेहराडूनला जायला निघालो तेव्हा माय मला घेऊन नारायणगडाला गेली. दर्शन झालं आणि खाली उतरताना म्हणाली, “आता मागं वळून बघू नको. मी रडत न्हाई, डोळ्यात धूळ गेली.” मी वळून बघितलंच. ती पदरानं डोळे पुसत नव्हती, नुसती ताठ उभी होती.

प्रशिक्षणाचं काही सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. नंतरची काही वर्षं मी वर्कशॉपात काढली, राजस्थानात आणि पंजाबात. ट्रक, इंजिनं, जनरेटर. मग फौजेनं मला पुढच्या शिक्षणाला पाठवलं आणि त्यानंतर पुण्याजवळच्या एका संशोधन संस्थेत नेमणूक मिळाली. तिथं बहुतेक शास्त्रज्ञ बिनवर्दीचे. माझे वरिष्ठ विद्वान माणूस होते, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला जागा दाखवली. “वर्दीवाल्यांनी वस्तू वापरायची असते, बनवायची नसते. तुम्ही इथं तीन वर्षं पाहुणे. चाचण्यांची व्यवस्था बघा.”

मी म्हणालो, “व्यवस्था बघतो. पण मला एक कामही पाहिजे.”

ज्या कामाला कुणी हात लावत नव्हतं ते मला मिळालं. उंचावरच्या चौक्यांवर पाणी नसतं. चहूकडं बर्फ असतो, पण प्यायला पाणी नाही. जवान रॉकेलच्या स्टोव्हवर बर्फ वितळवतात. आत काजळी भरते, पाण्याला रॉकेलचा वास येतो आणि वर चढवलेलं निम्मं रॉकेल त्यातच जातं. मी दुष्काळातला माणूस. पांढऱ्याशुभ्र पाण्याच्या ढिगावर बसून माणसं तहानलेली राहतात, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. प्रत्येक चौकीवर एक छोटा जनरेटर असतो आणि त्याचा गरम धूर वाऱ्यावर जातो. त्या धुराच्या उष्णतेनं बर्फ वितळवायचा, धूर पाण्याला लागू द्यायचा नाही, एवढीच कल्पना. मी आणि दोन तंत्रज्ञांनी मिळून दोन भिंतींची एक टाकी तयार केली. पुण्यात शीतगृहात ती झकास चालली. वरिष्ठांनाही आवडली.

वर नेली आणि तिसऱ्याच दिवशी बंद पडली. एकटी नाही, जनरेटरला घेऊन बंद पडली. चौकीवर दिवे नाहीत, बॅटऱ्या भारल्या नाहीत. तिथला हवालदार गडहिंग्लजकडचा होता. मराठी अधिकारी बघून त्याला बोलायला मोकळं झालं. “साहेब, तुमचं हे डबडं खाली घेऊन जावा. आमचा स्टो बरा हाय. काजळी काळी असली तरी भरवशाची हाय.”

मला राग आला नाही असं नाही. पण भोपाळला मी हेच मागितलं होतं.

वरिष्ठांचा निरोप आला, यंत्र परत आणा, चाचणी संपली, इथं सुधारणा करू. मी कळवलं, इथंच सुधारतो. ते म्हणाले, हिवाळ्यात तिथं कुणी शास्त्रज्ञ राहत नाही. मी म्हणालो, म्हणूनच मला वर्दी दिलीय. त्यांनी फोन ठेवला. ब्रिगेडच्या अधिकाऱ्यांकडं गेलो, त्यांनी माझी उंचावरची वैद्यकीय तपासणी करवून परवानगी दिली. एवढंच म्हणाले, “राहा. पण रेशन वर चढवायला तुम्हीही खांदा द्यायचा.”

मी त्या चौकीवर हिवाळा काढला. जवानांबरोबर रेशन चढवलं, फावड्यानं बर्फ काढला, त्यांच्या स्टोव्हवरचं काजळीचं पाणी प्यालो. रोज जनरेटर सुरू होताना आणि बंद होताना टाकीजवळ बसून राहायचो. काही दिवसांनी गोष्ट उलगडली. धुरात वाफ असते. जनरेटर चालू आहे तोवर काही होत नाही. तो बंद केला की नळीतली वाफ पाणी होऊन खोलगट भागात साचते आणि गोठते. सकाळी नळीत बर्फाचं बूच. धुराला वाट नाही, म्हणून जनरेटर सुरूच होत नाही. शीतगृहात आम्ही यंत्र कधी बंदच केलं नव्हतं. चालवून दाखवायचं, टाळ्या घ्यायच्या, एवढंच केलं होतं.

नळीला उतार दिला, सर्वांत खालच्या जागी एक झाकण बसवलं, बंद करताना ते उघडायचं. ती नळी दोन हातांनी, हातमोजे न काढता, निखळवून झटकता यावी अशी पकड केली. पहिली पकड मोडली, दुसरी हातमोज्यात अडकायची. तिसरी जमली. मग एका सकाळी हवालदारानं मला न विचारता त्या टाकीतून पाणी काढलं, चहा केला आणि एक मग माझ्या हातात दिला. घोट घेतला. रॉकेलचा वास नव्हता. तो म्हणाला, “आता ऱ्हाऊ द्या हितं.” याहून मोठं बक्षीस मला पुढं मिळालं नाही, आणि मिळायची इच्छाही नव्हती.

सुधारित टाकीला मंजुरी मिळायला मात्र वर्षं लागली. कधी समितीला शंका, कधी बनवणाऱ्याला परवडेना. मधल्या काळात माझी तीन वर्षं संपली. आणि तिथं पुन्हा एक दार समोर आलं. फौजेत बढतीसाठी तुकडीचं नेतृत्व केलेलं असावं लागतं. मला एका मोठ्या वर्कशॉपचं नेतृत्व देऊ केलं होतं. ते घेतलं असतं तर वरच्या हुद्द्याची वाट मोकळी झाली असती. टाकी मात्र अर्धवट राहिली असती. माझ्या जागी येणारा ती कपाटात ठेवणार हे मला दिसत होतं.

एक हितचिंतक ब्रिगेडियर म्हणाले, “वेडेपणा करू नका. संशोधनात राहिलेला अधिकारी वर जात नाही. टाकी कुणीतरी करेल.”

“कुणीतरी कोण, सर?”

मी संशोधनातच मुदतवाढ मागितली. बायकोला सांगितलं. ती अंबाजोगाईची, शाळेत शिकवणारी. म्हणाली, “कर्नल काय नि ब्रिगेडियर काय, डबा मलाच करायचाय. पण पुढं कधी तोंड पाडून घरात बसायचं नाही. आत्ता ठरवा.” मी ठरवलं होतंच.

टाकी शेवटी मंजूर झाली. उंचावरच्या बऱ्याच चौक्यांवर गेली. तिच्यावर माझं नाव नाही, तसं ते नसतंच. त्यानंतर मी वाळवंटातल्या इंजिनांच्या हवागाळण्या केल्या, एक पंप केला, दोन गोष्टी साफ फसल्या. फसल्या ते वापरणाऱ्यांनीच तोंडावर सांगितलं.

दादा एकदा पुण्याला आले होते. मला वर्दीत बघून त्यांनी खांद्यावरच्या पितळी चिन्हांना बोट लावून पाहिलं. मग विचारलं, “हितं तुला कोण फोटोला उभं करतं का?” मी नाही म्हणालो. “बेस हाय,” ते म्हणाले, आणि चहाच्या बशीकडं वळले.

बढतीच्या मंडळानं मला दोनदा वगळलं. दुसऱ्यांदा निकाल कळला त्या सकाळी आमच्या आवारात गाळणीची चाचणी लागली होती. सोबतचे तंत्रज्ञ माझ्याकडं चोरून बघत होते, बहुधा त्यांना वाटलं मी आज येणार नाही. मी आलो. इंजिन सुरू केलं तर गाळणीच्या सांध्यातून धूळ आत जात होती. “बंद करा,” मी म्हणालो, “आणि पाना द्या.” दुपारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही तो सांधा तीनदा उघडला आणि तीनदा बसवला. चौथ्यांदा इंजिन चालवून बंद केलं, सांधा आतून पुसून पाहिला, बोटाला धूळ लागली नाही.